धान फुललंय, पंखा बंद करा

आत्या गेली तेव्हा घरातला पंखा बंद होता. आणि तो तिनंच बंद करून ठेवला होता.

पाऊस ओसरल्यावर भिलाईत जो चिकट उकाडा सुरू होतो, तो सोसलेल्यांनाच कळेल आमचे काय हाल झाले असतील.

कारण एकच. व्हरांड्यातल्या बादल्यांमध्ये धान फुललं होतं. पराग उडून गेला तर आत्याची वर्षाची मेहनत पाण्यात.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. शाळेत बायोलॉजी शिकवायची. रिटायर झाल्यावर आमच्याकडेच राहिली. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मी लावते ना लग्न, दरसाल."

धानाचं.

एका गोष्टीचा तिला फार राग. आपण दोन्ही वेळा भात खातो, पण भाताचं फूल पाहिलेला माणूस औषधालाही सापडत नाही.

"गवताले फूल येते म्हटलं का हासतात लोक. पाकळ्या नाही म्हणून काय फूल नाही का ते?"

मग हातात भिंग देऊन बादलीपुढे उकिडवं बसवायची. ऊन जरा चढलं की दाण्याची दोन टरफलं उघडतात. तीच, ज्यांचं पुढे गिरणीत तूस होतं. आत बुडाशी दोन बारीक खवले असतात, ते पाणी पिऊन फुगतात आणि टरफलांना आतून ढकलतात. सहा पुंकेसर बाहेर लोंबतात. आत दोन इवलाली पिसं, पराग धरायला.

थोड्या वेळानं दार बंद.

"ऑफिसच्या टाइमालेच फुलते बिचारं," आत्या म्हणायची. "कोणाले दिसन?"

तिला सोयरीक जमवायची होती भंडाऱ्याकडच्या आमच्या गावच्या धानाची, इथल्या अहिवाऱ्याजवळच्या मैत्रिणीच्या शेतातल्या जांभळ्या पातीच्या धानाशी.

इकडे शेतात करगा माजतो. करगा म्हणजे जंगली धान, फुलोरा येईपर्यंत अगदी आपल्या धानासारखं दिसणारं. म्हणून इथले काही शेतकरी जांभळ्या पातीचं धान पेरतात आणि हिरवं दिसेल ते उपटून टाकतात. आमच्या गावच्या धानालाही तो रंग यावा, एवढाच तिचा हट्ट.

काम मात्र जिवावरचं. आदल्या संध्याकाळी एकेका फुलाचं टोक कापायचं, चिमट्यानं सहाही पुंकेसर काढायचे, वर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी जांभळ्याचा पराग त्यावर झटकायचा. सहातला एक जरी आत राहिला, तर फूल आपलं आपणच फळतं आणि रोप हिरवं उगवतं.

दरसाल हिरवंच उगवायचं. आत्याची नजर कमी झालेली, हातही थरथरायचा.

"घ्या," ती रोपांकडे बघून हसायची. "पुन्हा घरातल्या घरातच जमवलं यायनं."

गेल्या वर्षी बाबा वैतागले होते. "ताई, गरमीनं मरून राहिलो ना आम्ही."

"अर्धा घंटा थांब. मंग मर."

त्या दिवशी पराग टाकून झाल्यावर तिनं पिशव्या नीट बांधल्या आणि मला म्हणाली, "मी सांगन तेव्हाच काढजो पिशव्या."

त्याच आठवड्यात एका सकाळी ती चहा पिता पिता गेली. पिशव्या कधी काढायच्या, ते सांगायचं राहून गेलं.

घर माणसांनी भरलं. व्हरांड्यात सगळे घाम पुसत बसलेले, मध्ये बादल्या, ओंब्यांवर कागदी पिशव्या. कोणी पंख्याच्या बटणाकडे हात नेला की बाबा म्हणायचे,

"राहू द्या. ताईचं काम चालू हाय."

पराग पडून तीन-चार दिवस झाले होते. आता पंखा लावला असता तरी काही बिघडत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मीही घाम पुसत बसले. तेव्हाच मला पहिल्यांदा खूप रडू आलं.

ओंब्या पिवळ्या पडल्यावर मीच पिशव्या काढल्या. आत मूठभरसुद्धा नाही, चिमूटभर दाणे. या पावसाळ्यात ते पेरले.

रोज ऑफिसला निघण्याआधी वाकून बघायचे. हिरवं. हिरवं. हिरवं.

आणि एके दिवशी संध्याकाळी घरी आले तर बाबा मोठ्या खुशीत.

"तुह्या बादलीची सफाई करून टाकली बेटा. एक रोप बिमार दिसत होतं, बुडापाशी जांभळं जांभळं. उपटून फेकलं."

आमच्या गावी रोपांमध्ये वेगळं दिसेल ते उपटतात. सगळी नोकरी इथल्या स्टील प्लांटमध्ये करूनही बाबांचा हात अजून भंडाऱ्याचाच.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चप्पल न घालता कचऱ्याच्या ढिगाकडे धावले. बाबा मागून टॉर्च घेऊन.

सापडलं. मान टाकलेलं, पण मुळाला माती होती.

बाबांनीच ते वेगळ्या बादलीत चिखल करून लावलं. माझा चेहरा बघून म्हणाले, "रडतं कावून? धान हाय ते. उपटून लावल्याबिगर वाढते का?"

चार दिवस त्यांनी त्या बादलीवर छत्री धरली. मी म्हटलं, बाबा, जेवायला तरी या. तर ताट तिकडेच मागवलं.

पाचव्या दिवशी त्यानं मान वर केली.

सोबतच्या फोटोत दिसतंय ते हेच. आमच्या गावची आई, इथला बाप, पात जांभळी.

आज आत्याला जाऊन वर्ष झालं. सकाळी बुद्धवंदना झाली, खीर झाली, तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी आल्या. आणि ऊन चढल्यावर बाबांनी व्हरांड्यातून हाक मारली. टरफलं उघडली होती, सहाच्या सहा पुंकेसर बाहेर. आम्ही सगळे भिंग घेऊन आळीपाळीनं उकिडवे बसलो.

बाबांनी कोणाला काही न विचारता उठून बटण दाबलं.

आत्या, घामाघूम झालेल्या तुझ्या सगळ्या घराकडून तुला मनापासून जयभीम.

सोयरीक जमली. पंखा बंद आहे.