जनरलसाठी रजई

हिलमी अब्दुल गव्वादच्या कामाचा कुणालाही हेवा वाटावा. कैरोतल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमासाठी दिवसभर दुसऱ्यांचे कार्यक्रम बघायचे आणि कोण काय बरळलं ते वहीत टिपायचं. क्रांतीनंतर सगळा देशच बोलत सुटला होता. काल एक बोललेला मंत्री आज उलटं बोलला की हिलमी दोन्ही तुकडे हुडकून एकाला एक जोडायचा, आणि शुक्रवारी चहाच्या दुकानांत माणसं पोट धरून हसायची. टाळ्या सूत्रधाराला, दारूगोळा हिलमीचा. आपण भल्याभल्यांची रग जिरवतो, असं तो आईला सांगे. बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

एका दुपारी आदल्या दिवसाचा चर्चेचा कार्यक्रम तपासताना त्यात फोन केलेल्या एका म्हाताऱ्याचं बोलणं लागलं. म्हातारा रडत होता. सत्ता हाती घेतलेले जनरलसाहेब देशासाठी जागतात, त्यांना थंडी वाजत असेल, म्हणे. माझ्या बायकोनं हातानं शिवलेली रजई आहे, कुणीतरी येऊन घेऊन जा, मला चादर पुरते. नावही सांगितलं त्यानं: शुब्रा मोहल्ल्यातला फत्तूह, ट्राम चालवायचो.

हसून हसून हिलमी खुर्चीतून पडायचाच बाकी होता. मग नाव डोक्यात शिरलं, आवाजही ओळखू आला. हा तर वरच्या मजल्यावरचा अम्म फत्तूह, म्हणजे फत्तूहकाका. हिलमीचे वडील गेले तेव्हा यानंच त्याला आठवडाभर आपल्या ताटात जेवू घातलं होतं, ट्राममध्ये पुढे उभं करून घंटा वाजवू दिली होती.

तिथं थांबायला हवं होतं. निदान नाव कापायला तरी काय लागलं असतं? पण त्या आठवड्यात सगळे मंत्री शहाण्यासारखे वागले होते आणि सूत्रधार वैतागला होता. हिलमीनं तुकडा जसाच्या तसा देऊन टाकला.

शुक्रवारी सूत्रधार एकावर एक बारा रजया पांघरून आला आणि घामाघूम होत म्हाताऱ्याच्या आवाजात रडला. देश हसला. दुसऱ्या दिवसापासून घेवड्याची उसळ विकणारा म्हाताऱ्याला विचारू लागला, आमच्या वाट्याची रजई कधी? चहाच्या दुकानात अम्म फत्तूह शिरला की सगळे उठून सलाम ठोकायचे. दोन दिवस तोही हसला, तिसऱ्या दिवसापासून गेलाच नाही. रोटीसुद्धा सज्जातून दोरीनं टोपली सोडून मागवायला लागला. ती टोपली रोज सकाळी हिलमीच्या खिडकीसमोरून खाली जायची, वर यायची. हिलमीनं पडदा लावून घेतला. एक जिना चढून जायचं होतं फक्त, पण पाय उचलत नव्हता. भेकड होता तो, आणि हे त्याला ठाऊक होतं.

पुढे वारं फिरलं. सरकारला चेष्टा खपेना, तिथून एक फोन आला आणि कार्यक्रम बंद पडला. हिलमी घरी बसला. तिसऱ्या दिवशी टोपली त्याच्याच खिडकीशी थांबली. आत उसळीची ताटली आणि दोन गरम रोट्या होत्या.

"घे पोरा," वरून आवाज आला. "कुणाचीही भाकरी बंद होऊ नये. त्या कार्यक्रमवाल्या मेल्यांचीसुद्धा. तू तर नुसता नोकर."

मग मात्र हिलमीला राहवेना. ताटली तशीच उचलून तो वर गेला आणि दारातच म्हणाला, "अम्म फत्तूह, तुमचा फोन मीच शोधला. आवाज ओळखूनही कार्यक्रमाला दिला."

म्हाताऱ्यानं रेडिओ बंद केला. का दिलास, असं विचारलं नाही त्यानं.

"पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा हसलास?"

"हसलो."

"मी आहे हे कळल्यावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण गेले कित्येक महिने तो सोपं तेच करत आला होता. "तेव्हाही हसलो," हिलमी म्हणाला.



"त्या जनरलला थंडी वाजत असेल असं मला खरंच वाटलं होतं रे," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं दार लावून घेतलं.