गुळाचा ब्रेड

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात सँडविचसाठी पौष्टिक ब्रेड निवडता, तेव्हा मला ऐंशीच्या दशकातला, रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोरचा सँडविचवाला आठवतो. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. काकडी तो इतकी पातळ कापायचा, की चकतीतून त्याची बोटं दिसायची. तुमच्या आजोबांना मधुमेह निघाल्यावर त्याने आपणहून त्यांच्यासाठी तपकिरी ब्रेड ठेवायला सुरुवात केली. आजोबांना तो फार आवडे. पण त्यांची साखर काही उतरेना.

एकदा मी विचारलं, "यात असतं तरी काय?"

"साखरेचा कण नाय, काकू! काकांसाठी बेकरीवाल्याला मुद्दाम गूळ घालायला लावतो."

मी हादरलेच. "अहो, गुळानेही साखर वाढते!"

"काय सांगता! गूळ तर औषधी."

"डॉक्टरांनी गूळसुद्धा बंद केलाय त्यांचा."

काकडीवरची सुरी थांबली.

"आईलापण साखरेचा त्रास. तिला रोज हाच देतो मी," तो म्हणाला. "तिच्या पायाची जखम भरतच नाय."

दुकान तसंच टाकून तो घराकडे धावत सुटला. तव्यावर आजोबांचा ब्रेड करपू लागला होता. मी स्टोव्ह विझवला आणि तो परत येईपर्यंत त्याच्या दुकानात बसून राहिले.