मुख्याध्यापकांनी लिहिलेला प्रश्न

लेखनाचा मला सराव नाही, तेव्हा या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु कपाट आवरताना एक जुनी फ्लॉपी हाती आली आणि सुरतेतल्या ज्या मराठी शाळेत मी संगणक शिकवत असे, तिथली नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली. बाहेर कापड विणणाऱ्या लूमांचा खडखडाट, आत तापलेल्या संगणकाचा वास, आणि पडद्यावर मी मुलांसाठी केलेल्या प्रश्नांच्या खेळातली, बरोबर उत्तराचे बटण दाबले की पुढे सरकणारी मोटार. मुलांनी उत्तरांचा क्रमच पाठ केला होता. प्रश्न न वाचताच ती बटणे दाबत. आमचे गुजराती मुख्याध्यापक ते पाहून म्हणाले, "बेन, आ तो गोखणपट्टी छे! नुसती घोकंपट्टी! उद्यापासून हा तास बंद." मी एरवी त्यांच्यापुढे बोलत नसे, पण आदल्याच दिवशी मी सारे प्रश्न खेळातून काढून वेगळ्या फाइलीत ठेवले होते; आता खेळाला हात न लावता कोणालाही प्रश्न बदलता येत होते, म्हणून निर्धास्तपणे म्हणाले, "सर, तुम्हीच इथे एक प्रश्न लिहा." देवनागरीची सोय नव्हती, म्हणून त्यांनी रोमन अक्षरांत प्रश्न आणि उत्तराचे पर्याय टंकले: सुरतेला येण्याआधी तापी कोणत्या गावावरून वाहते? खेळ सुरू होताच एकाने सवयीचे बटण दाबले; मोटार हलली नाही. "अरे, वाच की आधी!" मागून एक मुलगी ओरडली. मग सारा वर्ग अडखळत वाचू लागला. "भुसावळ! माझ्या मामाचं गाव!" म्हणत एकाने बटण दाबले आणि मोटार धावली. सरांनी खुर्ची ओढली. "हवे बीजो लखुं?" म्हणत ते दुसरा प्रश्न टंकू लागले, आणि तास बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता निवृत्तीनंतरही त्या धिटाईचे मला समाधान वाटते. तुमच्या शाळेत प्रश्न बदलण्याची मुभा कोणाला होती?