दोघींची एकच चूक

माझ्या आईचं तोंड दुधाने कधी पोळलं नव्हतं, तरी ती ताक फुंकूनच प्यायची. भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं गोड बोलणं, माझी पोटदुखी, कशावरच तिचा चटकन विश्वास बसत नसे. नोकरीत मात्र हा स्वभाव तिला मानवला. एका प्रयोगशाळेत ती डीएनएच्या फिल्म वाचायची. एक्स-रेसारख्या फिल्मवर चार रांगा असत आणि त्यांत आडव्या काळ्या पट्ट्या. खालून वर जात, पट्टी कुठल्या रांगेत आहे ते बघून ए, सी, जी, टी ही अक्षरं लिहून काढायची. यंत्रं यायच्या आधी हे काम असं डोळ्यांनीच चाले. प्रत्येक फिल्म दोघींनी वेगवेगळी वाचायची आणि मग ताडून बघायची. दुसरी वाचणारी माझी आत्या. ती आमच्याकडेच राहायची, आणि तिला प्रयोगशाळेत नोकरीला चिकटवलं होतं आईनेच.

एकदा दोघींनी वाचलेला डीएनएचा एक तुकडा दुसऱ्या गटाने उलट्या बाजूने वाचला, तेव्हा आई-आत्याच्या वाचनात तीन अक्षरं कमी निघाली. दोघींच्याही, आणि नेमकी एकाच जागी. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी दोघींना समोर उभं करून एवढंच विचारलं, की याला योगायोग म्हणायचं का.

आईच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आत्याचं काम हल्ली आपल्याआधी कसं संपतं? चहाच्या सुट्टीत ती आपल्या टेबलाशी का घुटमळते? आई कागद पालथे घालायला लागली, खणाला कुलूप लावायला लागली. घरी दोघींचं बोलणं 'मीठ द्या, दार लावा' एवढ्यावर आलं. बाबांची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली.

शेवटी भांडी आवरताना आईने विचारलंच, "वन्सं, माझं बघून लिहिलंत का?"

आत्या ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "मला वाटत होतं, तुम्ही माझं बघता."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून प्रमुखांकडे गेल्या आणि ती फिल्म त्यांनाच वाचायला लावली. त्यांचीही तीच तीन अक्षरं गळली. मग उलगडा झाला. तिथे डीएनएचा धागा स्वतःवरच दुमडत होता, त्यामुळे पट्ट्या एकमेकींना चिकटून एकच दिसत होत्या; उलट्या बाजूने वाचताना त्या जागी त्या सुट्या पडल्या होत्या. जास्त तापमानावर तोच प्रयोग पुन्हा केला, तर दुमड सुटली आणि अक्षरं मोकळी झाली. प्रमुख 'बरं झालं' असं काहीतरी पुटपुटले. माफी कुणीच कुणाची मागितली नाही.

आत्याने मात्र टेबल पलीकडच्या खोलीत हलवून घेतलं. "राग नाही, वहिनी," ती म्हणाली, "पण तुमची नजर मानेवर असली की मला पट्ट्या दिसत नाहीत."

यंत्रं येईपर्यंत दोघी अशाच भिंतीआड बसून वाचत राहिल्या. वाचनं जुळली नाहीत की आई निवांत असायची. तंतोतंत जुळली, की कपाळाला आठी घालून फिल्म पुन्हा उजेडावर धरायची.