पहिली भाकरी ड्रायव्हरची

सोमवारपासून लेकीच्या ताब्यात इंजिन येणार होतं, विजेवरचं. त्याआधी तिला पाया पडायचं होतं ते उत्रोलीच्या आबांच्या. तेहतीस वर्षं डिझेल इंजिन हाकलं मी. आबा नुसते कोळसा टाकणारे फायरमन. तरी रविवारी मुकाट्याने तिच्याबरोबर स्वारगेटहून भोरची एसटी धरली. पोटात दुखत होतं, कबूल करतो.

कापूरहोळ सोडल्यावर दोन्हीकडे भातखाचरं लागली. आबांसाठी घेतलेल्या पेढ्यांवर मीच बसलोय, हे भोरला उतरताना कळलं.

"बाबा, मुद्दाम?" लेक म्हणाली. मी ऐकलंच नाही.

या तालुक्यात रुळाचा तुकडा नाही. तरी उत्रोलीत घर विचारताच धुणं वाळत घालणारी बाई म्हणाली, "इंजनवालं आबा व्हय? त्यो धूर दिसतोय न्हवं, तितंच." आमच्या दौंडात माझं नाव सांगितलं तर लोक "कोण ते?" म्हणतात.

अंगणात आबा चुलीवर फावडं ठेवून तांदळाची भाकरी भाजत होते. याच फावड्याने ते भट्टीत कोळसा टाकायचे आणि त्यावरच इंजिनात भाकरी भाजायचे. वाफेची इंजिनं बंद पडल्यावर ते आमच्या इंजिन शेडमध्ये साफसफाई करणारे खलाशी झाले. माझ्या इंजिनाच्या काचा पुसता पुसता, डबा घेऊन आलेल्या माझ्या लेकीला कोळशाच्या गोष्टी सांगायचे. समोर माझं डिझेल धडधडतंय आणि पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघतेय!

लेक पाया पडली. आबांनी पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली, वर पावट्याचं कालवण.

"पयली डायवरची. आमच्या इंजनावर रीतच व्हती."

"ड्रायव्हर मीही होतो," मी बोलून गेलो.

"व्हता की. पर आता उतरलाय." आबा हसले. "मला तर कदीच न्हाई मिळाली. डायवर व्हायचा माजा लंबर लागला आन् डिझेल आलं. तुमच्यावानी शिकलेली पोरं बसली तितं."

आवाजात राग नव्हता. ते दुसरी भाकरी उलटत होते.

लेकीने आपलं ताट उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. "आबा, मी ड्रायव्हर उद्यापासून. आज तुम्ही."

आबांनी तुकडा मोडला, पण बराच वेळ तो हातातच राहिला.

परतीच्या एसटीत लेक खिडकीला टेकून झोपली. आता मला तिचा हेवा वाटत होता. शेडमध्ये इतकी वर्षं आबांच्या शेजारी बसून मी डबा खाल्ला. तो आधी त्यांच्यापुढे सरकवावा, असं मला एकदाही सुचलं नव्हतं.