गळकी पिशवी

मनगट मोडल्यावर मी वसईत फिजिओथेरपीला जायचो. रबरी चेंडू दाबून दाबून वैताग यायचा. शेजारच्या खुर्चीवर पाचूबंदरचे एक म्हातारे कोळी असायचे. होडीच्या दोरात सापडून त्यांची दोन बोटं आखडली होती. ते चेंडूला शिवतही नसत. जाळं विणायच्या सुईने रंगीत दोऱ्याच्या पिशव्या विणत आणि स्वतःशीच हसत.

एकदा त्यांनी सुई माझ्या हातात दिली. माझी पहिलीच गाठ सुटली. मी ओशाळलो.

"सुटू दे," ते म्हणाले. "जल्मभर पोटासाठी विनलं. यात कोनाला म्हावरं धरायचंय?"

त्या दिवसापासून मी व्यायामाची वाट बघू लागलो. तिथे मी विणलेल्या पिशवीतून अजूनही लसूण गळतो. त्यांची आठवण काढत मी तो त्याच हाताने उचलतो.