काठ ताणत नसतात

विंडोचा कोपरा धरून मी माउस उजवीकडे ओढला आणि काठाचे दात लांबत लांबत केळ्यांसारखे झाले. रविवारची दुपार होती, मी घरीच काम करत होते. सोमवारी अकराला डेमो.

मी नागपुरात एका छोट्या डिझाइन स्टुडिओत काम करते. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटरवर गाणी, व्हिडिओ लावायच्या एका प्लेअरची स्किन बनवायचं काम आलं होतं. स्किन म्हणजे प्लेअरचे कपडे. आतलं यंत्र तेच राहतं. बटणं, रंग, कडा बदलतात. पुण्याच्या कंपनीला प्रत्येक स्किन एकेका भागातल्या कापडावरून हवी होती. पहिली पसंत पडली तर पुढच्या सगळ्या आमच्या, नाहीतर काम दुसऱ्या स्टुडिओकडे. आमचे बॉस मुकुंद सर म्हणाले होते, "पल्लवी, याची लीड तू." लीड व्हायची ही माझी पहिलीच वेळ.

मी करवतकाठी निवडली. आपल्याकडची टसर रेशमाची साडी, काठाला करवतीसारखे दात. आईची लग्नानंतरची पहिली साडी पेटीतून काढली, काठ स्कॅन केला आणि प्लेअरला चारही बाजूंनी लावला. एका साइजला तो इतका देखणा दिसत होता की मी स्वतःवरच खूश होते. पण विंडो लोक लहानमोठी करतात. काठ ताणला की दात लांबायचे. न ताणता एकच दात पुन्हा पुन्हा जोडत नेला, तर कोपऱ्यात शेवटचा अर्धाच यायचा. दोन्ही प्रकार भिकार दिसत होते आणि तिसरा मला सुचत नव्हता.

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. ते पूर्वी उमरेडला हातमागावर विणायचे. माग विकून बरीच वर्षं झाली, आता मामाच्या किराणा दुकानात बसतात. मी दिवसभर कॉम्प्युटरशी खेळते, असं त्यांचं माझ्या नोकरीबद्दल ठाम मत.

"हा तुह्या आईच्या साडीचा काठ हाय," ते म्हणाले. "मीच विणला होता. याले काय करून राहिली वं?"

"मोठा करून राहिली, बाबा."

"काठ ताणत नसतात. अन् कोपऱ्यातला दात काहून तोडला?"

"विंडो तिथंच संपते. मी काय करू?"

"आम्ही दात पुरा झाल्याबिगर मागावरून उठत नव्हतो. तुही आई जेवाले हाका मारे, भाजी थंडी होऊन जाय. अर्धा दात सोडून उठलं का हाताचा ताण बदलते, मंग तो दात जन्मभर येगळा दिसते. तुह्या विंडोले सांग, दात पुरा झाल्याबिगर थांबू नको."

मी खुर्ची पुढे ओढली. मग कामाला लागले. एक दात चोवीस पिक्सेलचा, म्हणजे स्क्रीनवरच्या चोवीस ठिपक्यांचा. विंडो वाढेल ती चोवीस-चोवीसनेच, रुंदीला आणि उंचीलाही. फुल स्क्रीनला काठच काढून टाकला. तासाभरात कोड चालला. कोपरा ओढला, तर टक, टक, टक, एकेक दात पूर्ण होत विंडो सरकली. आनंदाने मी खुर्चीत गोल फिरले. बाबांनी माउस मागितला. माझ्या कामाला त्यांनी हात लावायची ही पहिलीच वेळ. त्यांनी विंडो चार वेळा लहानमोठी केली, कोपरे निरखले आणि म्हणाले, "आता बरोबर हाय."

आमचं ऑफिस लकडगंजला, लाकडाच्या वखारीच्या वर. सोमवारी खाली लाकूड कापायची आरामशीन सुरू होती, म्हणून सरांनी खिडक्या लावून घेतल्या. व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या केतकी मॅडम. त्यांनी प्लेअर उघडला, "वा" म्हणाल्या आणि कोपरा ओढला.

"हे अडकतंय का? स्मूद नाहीये. बग आहे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे सांगायचं मी उत्साहाच्या भरात साफ विसरले होते.

"बग नाही, मॅडम. दात पूर्ण झाल्याशिवाय ती थांबत नाही." मग मागाची सगळी गोष्ट सांगितली, थंड भाजीसकट.

 स्क्रीनवर विंडो हलत होती. टक, टक. मॅडम पुन्हा पुन्हा ओढून बघत होत्या.

"बाकीच्या कापडांचंही असं काही असेल का हो?"

"असेल. विणणाऱ्यांना विचारावं लागेल."

"मग विचारा. सगळ्या तुम्हीच करा."

कॉल संपल्यावर सर म्हणाले, "हे मले आधी काहून नाही सांगितलं? माझा जीव गेला होता ना." पण हसत होते.

स्किनच्या माहितीच्या पानावर मी 'डिझाइन' खाली माझं नाव घातलं आणि 'काठ' खाली बाबांचं. त्यांना दाखवलं, तर चष्मा लावून वाचून म्हणाले, "काठ आधी विणला होता, तुहं नाव खाली पाहिजे होतं." मग दुकानात जाताना माझा लॅपटॉपच मागून नेला, मामाला दाखवायला.

तेव्हापासून नवी स्किन आली की मी आधी स्केच काढत नाही. विणणाऱ्याला गाठते आणि एकच विचारते, जेवायला हाक आली तरी तुम्ही कुठे थांबत नाही?